टीसीएल रोज टाकतो, तरी पाण्याचा नमुना 'पिण्यास अयोग्य' कसा?

अनेरकाठ
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातलं गाव. नदीकाठच्या विहिरीचं पाणी ५०,००० लिटरच्या उंच टाकीत चढतं, तिथून अर्ध्या गावाला आज, अर्ध्या गावाला उद्या. जलसुरक्षक (गावचं पाणी शुद्ध करायची जबाबदारी असलेला माणूस) रोज टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, रजिस्टरही भरलेलं आहे. तरी पहिल्या पावसानंतर आरोग्य सेवकांनी नेलेला नमुना 'पिण्यास अयोग्य' आला आणि आरोग्य केंद्राचं पत्र ग्रामपंचायतीला पोहोचलं. जुलाबाचे तुरळक रुग्ण आहेत. पावडर वाढवायची का? आणि या पत्रानंतर आरोग्य खातं काय करतं?

तापीपात्र
आधी अहवालात नमुना कुठला आहे ते बघा भाऊ. विहिरीचा, टाकीचा की शेवटच्या नळाचा? थेट विहिरीचा असेल तर त्यात टीसीएल पोहोचलेलंच नाही, मग जलसुरक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. नळाचा असेल तर खोट पावडरीत, टाकायच्या पद्धतीत किंवा पाइपलाइनमध्ये आहे.

पावडर: ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं आणि ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे काढला, की तो उडून जातो. आपल्याकडचं ऊन माहीतच आहे. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नाही. ती दिसायला पांढरीच असते, म्हणून डोळ्यांवर भरवसा नको. पावडरीचाही नमुना प्रयोगशाळेत जातो, तो पाठवा. साठा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये, सावलीत, कोरड्या जागी ठेवा. युरिया किंवा फवारणीच्या औषधांशेजारी अजिबात नको.

मात्रा: १,००० लिटरला ५ ग्रॅम धरली तर तुमच्या भरलेल्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर २५ टक्क्यांची असेल तर त्यातून लिटरला सव्वा मिलीग्रॅम क्लोरीन मिळतो. पाणी नितळ असेल तर पुरतो. नदीला पूर येऊन पाणी गढूळ झालं की गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. तेव्हा आधी तुरटीने गाळ बसवायचा, मग टीसीएल. गढूळ पाण्यात नुसती पावडर वाढवली तर वास तेवढा येतो.

पद्धत: कोरडी पावडर वरून भुरभुरणं हा सगळ्यात मोठा घोळ. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, पाऊण बादली पाणी घाला, १०-१५ मिनिटं ठेवा. चुना तळाला बसतो. वरची निवळी टाकीत ओता, चुना बाहेर टाका. टाकी भरायला लागली की लगेच ओता, म्हणजे पडणाऱ्या धारेने ढवळलं जातं. भरलेल्या टाकीत ओतलं तर एका कोपऱ्यात जहाल, दुसरीकडे काहीच नाही. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास एक तास व्हॉल्व्ह उघडायचा नाही. घाईत व्हॉल्व्ह सोडला तर जंतू मरायच्या आत पाणी हंड्यात.

मोरनदी
वरचं बरोबर, पण माझा पैज लावण्याइतका संशय पाइपलाइनवर आहे. रजिस्टरमध्ये किती ग्रॅम टाकले ते लिहिलेलं असतं. शेवटच्या नळाला किती क्लोरीन उरला ते कोण लिहितं?

ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करा, म्हणजे पाण्यात किती क्लोरीन उरलाय ते रंगावरून कळतं. नळीत १ मिलि पाणी, त्यात ०.१ मिलि ओटी द्रावण, आणि रंग १० सेकंदांच्या आत पट्टीशी ताडून बघा. उशिरा गडद होणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो, तिथेच लोक फसतात. द्रावण बाटलीतच पिवळं पडलं असेल तर फेकून द्या. ते विषारी आहे, हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी गटारातच ओता. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम हवा, साथीच्या दिवसांत ०.५.

आता टाकीच्या तोंडाशी, मग प्रत्येक गल्लीत तपासत जा. टाकीपाशी ०.५ आणि एका गल्लीत एकदम शून्य आलं, तर त्या दोन ठिकाणांमध्येच कुठेतरी घाण शिरतेय. तिथे तीन गोष्टी बघा: व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, गटारातून गेलेलं नळ कनेक्शन, आणि दाब कमी म्हणून घरापुढे खड्डा खणून खाली बसवलेला, तोटी नसलेला नळ. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होताना त्या खड्ड्यातलं सांडपाणी उलटं आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात तेच येतं. म्हणून तपासणी पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आणि पुन्हा शेवटी, अशी दोनदा.

शोषखड्डा
आरोग्य खात्याचं विचारलंत म्हणून. पाणी देणं, लाइन दुरुस्त करणं, पावडर विकत घेणं हे ग्रामपंचायतीचं काम. आरोग्य खातं नजर ठेवतं. आरोग्य सेवक नमुने काढतात, वैद्यकीय अधिकारी लेखी कळवतात, दुरुस्तीनंतर पुन्हा नमुना घेतला जातो. तो 'योग्य' आल्याशिवाय विषय मिटत नाही. शिवाय पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. धोका जास्त तर लाल कार्ड, मध्यम पिवळं, कमी हिरवं. लाल कार्ड आलं तर त्याची कारणं ग्रामसभेत वाचायला लावा, ग्रामपंचायतीतल्या भाऊसाहेबांच्या कपाटात जाऊ देऊ नका.

रुग्ण तुरळक आहेत तोवरच आशाताईंकडून घरोघर विचारपूस करून घ्या: कोणाला, कधीपासून, कोणत्या गल्लीत. ती यादी आणि वरची क्लोरीनची नोंद शेजारी ठेवली की बहुतेक वेळा एकाच लाइनवर बोट जातं. लाइन दुरुस्त होईपर्यंत त्या गल्लीला टँकर किंवा घरी क्लोरीन. ०.५ ग्रॅमची गोळी २० लिटरला, अर्धा तास थांबून प्यायचं.

फेरनमुना घेताना नळाचं तोंड जाळून निर्जंतुक करतात, दोन मिनिटं पाणी सोडतात, मग बाटली भरतात. बाटली आतून धुवायची नाही, तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन मुद्दाम घातलेलं असतं. थंड डब्यातून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत.

एक मात्र बघा, 'अयोग्य' जंतूंमुळे आहे की रसायनांमुळे? नायट्रेट लिटरला ४५ मिलीग्रॅमच्या वर असेल तर टीसीएल काय, उकळूनही उपयोग नाही. उकळल्यावर पाणी आटून ते उलट वाढतं. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात खताचा मारा बघता हा रकाना वाचायचा राहू नये. सहा महिन्यांच्या आतलं वरच्या दुधावरचं बाळ असेल त्या घराला आधी दुसरं पाणी द्या.

अनेरकाठ
आभार भो. अहवाल काढला, कारण जंतूंचंच आहे, नमुना खालच्या आळीतल्या नळाचा. तिथे खड्ड्यातले नळ आहेतच, शिवाय निम्मी घरं लाइनला थेट मोटार लावतात. त्याचं काय?

मोरनदी
मग खालची आळीच आधी तपासा. मोटार रिकाम्या होत चाललेल्या पाइपमधून ओढते, म्हणजे जिथे फट असेल तिथून गटारच ओढते. नुसत्या नोटिशीने कोणी काढत नाही. पाणी सोडायच्या तासाभरात त्या भागाची वीज बंद ठेवायला महावितरणकडे ग्रामपंचायतीने पत्र देऊन बघावं, काही गावांत असं करतात. खड्ड्यातले नळ वर घेऊन तोट्या बसवायच्या तर दाब पुरला पाहिजे, त्यासाठी त्या आळीला वेगळी वेळ द्या. ज्या दिवशी लाइन जोडाल, त्या दिवशी पहिलं पाणी शेवटच्या टोकाला उघड्यावर सोडून द्या, हंड्यात नको.