नाइटमेअरला इम्पचा फायरबॉल चुकवता येत नाही, नेमकं काय बदलतं?

रातपाळी
मूळ डूम (१९९३), राक्षसांवर गोळ्या झाडायचा कॉम्प्युटर गेम. अल्ट्रा-व्हायलन्स या अवघड पातळीला इम्पने (आगीचे गोळे फेकणारा राक्षस) गोळा टाकला की शिफ्ट धरून सरळ मागे पळालं तरी भागतं, गोळा गाठत नाही. नाइटमेअर या सगळ्यात अवघड पातळीला तीच चाल केली की गोळा अंगावर बसतोच. वर एकच इम्प लागोपाठ दोन-तीन गोळे टाकतो. फक्त वेग वाढतो की आणखी काही?

पस्तीस_टिक
दोन्ही. खेळ सेकंदाला ३५ टिकने, म्हणजे ३५ ठोक्यांनी चालतो. एरवी गोळा टिकला १० युनिट (खेळातलं अंतराचं माप) जातो आणि तुम्ही पळताना साधारण १६.७, म्हणून तो मागेच राहतो. नाइटमेअरला गोळ्याचा वेग २० होतो. मागे पळणं तिथेच संपलं.

हात उचलण्याचा वेळ मात्र बदलत नाही: ८ अधिक ८, म्हणजे १६ टिक, जवळपास अर्धा सेकंद. आणि गोळा सुटताना तुम्ही जिथे असाल तिथेच तो नेम धरतो. तुम्ही कुठे पोचाल याचा हिशोब करत नाही. म्हणून हात वर गेल्या गेल्या सरकून थांबलात तर उपयोग शून्य. गोळा सुटू द्या, मग बाजूला व्हा. ४०० युनिटांवरून त्याला २० टिक लागतात, आणि उभ्या जागेवरून अंग चुकवायला तुम्हाला सहा-सात टिक पुरतात. अरुंद बोळात मात्र सरकायला जागाच नसते, तिथे इम्पशी भिडू नका, कोपऱ्याआड या. गोळ्याचा स्फोट आजूबाजूला पसरत नाही, त्यामुळे साधा खांबसुद्धा पुरेसा आडोसा आहे.

लागोपाठ गोळ्यांचं कारण वेगळं. एरवी एकदा हल्ला केला की इम्पला आधी काही पावलं चालावं लागतं. नाइटमेअरला ती अट उठते.

काडतूस
वरच्यात अंतराची भर घालतो. इम्प गोळा टाकेल की नाही हे अंतरावर ठरतं: जवळ असाल तितकी शक्यता जास्त, आणि साधारण २६४ युनिटांपलीकडे ती आणखी कमी होत नाही. त्यामुळे मधल्या अंतरावर रेंगाळणं सगळ्यात वाईट. एक तर लांब राहा, नाहीतर थेट भिडून शॉटगन चालवा. इम्पची ताकद ६०. शॉटगनचे ७ छर्रे, प्रत्येकी ५, १० किंवा १५. सगळे लागले तर बहुतेक वेळा एकाच बारात आडवा.

अर्धवट जखमी करून सोडू नका. मार लागून कळवळलेला इम्प अंतर न बघता संधी मिळताच उलट गोळा टाकतो. चेनगन (सलग गोळ्या झाडणारी बंदूक) असेल तर ती यावर उत्तम: दर गोळीला त्याने कळवळण्याची शक्यता २५६ पैकी २००, कळवळणं ४ टिकांचं, आणि चेनगनची गोळीही दर ४ टिकांनी सुटते. नेम धरून ठेवलात तर त्याला हात उचलायला क्वचितच फुरसत मिळते. नाइटमेअरला दारूगोळा दुप्पट मिळतो, तेव्हा हात आखडू नका.

रातपाळी
आणि उंच कट्ट्यावरचा इम्प? कट्ट्याला चिकटून खाली उभं राहिलं तर गोळा लागू नये असं वाटतं, पण तरी मार बसतो.

पस्तीस_टिक
तो गोळा नसतो, पंजा असतो. मूळ इंजिन पंजाच्या हल्ल्यात उंची मोजतच नाही, फक्त आडवं अंतर बघतं. ६४ युनिटांच्या आसपास आलात आणि तो तुम्हाला बघू शकत असेल तर खालूनही ओरबाडतो, आणि पंजाचा मार गोळ्याइतकाच, ३ ते २४. कट्ट्यापासून सुटे उभे राहा. झेडडूमसारख्या नव्या पोर्टमध्ये (मूळ इंजिनच्या सुधारित आवृत्तीत) उंची धरली जाते, त्यामुळे तिथे हा त्रास नाही.

काडतूस
घोळका असेल तर एक लक्षात ठेवा: इम्पचा गोळा दुसऱ्या इम्पला लागला तर फुटतो, पण इजा करत नाही. म्हणून पुढच्याला मध्ये धरलं की मागच्यांचे गोळे त्याच्यावरच वाया जातात. डीमनला (दुसऱ्या जातीचा राक्षस) मात्र तो गोळा लागतो आणि तो चिडून इम्पवर उलटतो. डीमन मध्ये येईल असं गोल फिरा आणि त्यांचं ते जुंपू द्या.