आठवीपासून हातात अवजार द्यायलाच हवं

'कामधंद्याचं शिक्षण दहावीनंतरच द्यावं, आधी दिलं तर अभ्यास बुडतो' हे मत मला पटत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम ही हाताने काम करत शिकवणारी संस्था सुरू केली. तिथून शाळांमध्ये आलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आठवी ते दहावीची मुलं शिकतात: वेल्डिंग, वायरिंग, शेती, अगदी रक्तगट तपासणंसुद्धा. लोखंडी स्टूल करायचं तर आधी आकृती काढा, अँगलची लोखंडी पट्टी मोजून कापा, वजनावरून किंमत काढा, वर मजुरी धरा. भूमिती आणि शेकडेवारी तिथेच पक्की होते! अभ्यास बुडतो कुठे? मला काळजी वाटते ती निदेशकांच्या, म्हणजे शाळेत हे काम शिकवणाऱ्या कारागिरांच्या मानधनाची. ते वेळेवर मिळालं नाही तर चांगला कारागीर शाळेत टिकणार कसा?