मंगळ बाजार ते मंगळ: सातवीच्या पोरांनी रोव्हर बनवावा का?

रावपुऱ्याची
बडोद्यातल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये दर शनिवारी सहावी ते आठवीची सतरा मुलं रोव्हर बनवतात, म्हणजे चंद्रावर-मंगळावर दुरून चालवतात तशी गाडी. दिवाळीनंतर सुरू केलं. परवा एका पालकांनी तोंडावरच विचारलं, "ताई, यातून मार्क किती वाढणार?" तेव्हा काही सुचलं नाही, म्हणून इथे लिहिते. माझं मत असं की याच वयात रोव्हर बनवून घ्यावा, आणि तो किटमधून जोडलेला नसावा.

प्लायवर विटांची कड लावून बांधकामावरून मागून आणलेली वाळू पसरली आहे. गाडी दीड किलोच्या आत, सहा चाकं, आणि चाकाएवढ्या उंचीचा दगड चढायचा, एवढेच नियम. सांगाडा वायरिंगच्या पाइपचा. चालवणारा मात्र शेजारच्या स्वयंपाकघरात बसतो. त्याला वाळू दिसत नाही. तो चिठ्ठीवर हुकूम लिहितो आणि चिठ्ठी तीन मिनिटांनी गाडीपाशी पोचते. मंगळावर संदेश पोचायला अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, आम्ही सगळ्यात कमी ती घेतली.

पहिल्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने झोकात लिहिलं, "पुढे ५ सेकंद, डावीकडे २, पुढे ५." पहिल्या पाचातच गाडी उताणी! तिला ते कळलं सहा मिनिटांनी. दुसऱ्या फेरीची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे: "पुढे १ सेकंद. थांब. समोर काय आहे ते लिहून पाठव."

२७ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरसमोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला आणि इस्रोने त्याला मागे घेऊन वाट बदलली. ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्या मुलीला ती आता आपल्यापेक्षा जास्त कळते.

मकरपुरा शेड
ताई, राग मानू नका, पण मी विरोधात. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, तीस वर्षं लेथ चालवतोय. माझ्याकडे डिप्लोमा झालेली पोरं येतात, त्यांना कानस धरता येत नाही. बारीक मापाची पट्टी, व्हर्नियर, वाचायला सांगितलं की मोबाइल काढतात. अशा वेळी सातवीच्या पोराला एकदम मंगळ कशाला? घरातला बंद पडलेला मिक्सर उघडू दे. सायकलचं पंक्चर काढू दे. चांद्रयान उतरलं आणि जो तो रोव्हर रोव्हर करायला लागला. उद्या दुसरं काही उतरेल, मग त्याचे क्लास.

दोघांची आई
काकांशी अर्धी सहमत. एका क्लासने माझ्या मुलाकडून साडेचार हजार घेतले. डबा आला, त्यात चित्रांचा कागद: लाल वायर लालमध्ये, काळी काळ्यात. चाळीस मिनिटांत गाडी तयार, सर्टिफिकेट हातात, आठवड्यात गाडी माळ्यावर. चाक का फिरतं विचारलं तर म्हणाला, "बटण दाबलं की फिरतं."

मुलीच्या शाळेत वेगळीच तऱ्हा. गटात दोन मुलगे, दोन मुली. मुलग्यांकडे स्क्रू ड्रायव्हर, मुलींकडे चार्टपेपर आणि चमकी. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री दीड वाजता त्यातल्या एकाचे वडील मोटार बसवत होते, आणि बक्षीसही त्याच गटाला! मग रोव्हर नेमका कोण शिकलं?

रावपुऱ्याची
@दोघांची आई, म्हणून तर किट नको म्हणते. आमच्याकडे आई-बाबांना दाराच्या आत प्रवेश नाही, आणि दर शनिवारी कामं बदलतात. स्क्रू ड्रायव्हर सगळ्यांच्या हातात जातो, चार्टपेपरही.

@काका, मिक्सर उघडावाच. पण मिक्सर दुसऱ्याने बनवलेला असतो, तो पुन्हा होता तसा झाला की काम संपलं. रोव्हरला "होता तसा" नसतोच. चाक मोठं केलं तर दगड चढतो, पण मोटारीला ताण येतो. बॅटरी वाढवली तर वजन वाढतं आणि गाडी वाळूत रुतते. यातलं काय सोडायचं ते पोरांनी भांडून ठरवायचं. एका गटाने कॅमेरा काढून टाकला, दुसऱ्याने दोन चाकांच्या मोटारी काढल्या. दोघांकडे कारणं होती.

आणि गणित होतं की नाही बघा. चाक ६.५ सेमीचं, म्हणजे एका फेऱ्यात साधारण २०.४ सेमी. फरशीवर दहा फेऱ्यांत गाडी बरोबर दोन मीटरच्या वर जाते. वाळूत मोजली तर १३० सेमी! पोरं म्हणाली टेप चुकली. तीनदा मोजलं. मग एकाच्या डोक्यात आलं की चाक जागच्या जागी फिरतंय, आणि किती टक्के फुकट गेलं ते काढायला कुणाला सांगावं लागलं नाही. ३६ टक्के आले.

जुना कलाभवनी
आपल्या गावाला हे नवं नाही हो. सयाजीरावांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जरांनी १८९० साली इथे कलाभवन काढलं, ते हाताने काम शिकवायलाच. आणि रोव्हरांशी मुलांचं नातं जुनं आहे. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नरचं नाव बारा वर्षांच्या मुलीने सुचवलेलं. क्युरिऑसिटीचं नाव सहावीतल्या मुलीचं, पर्सिव्हिअरन्सचं सातवीतल्या मुलाचं.

मकरपुरा शेड
नाव ठेवणं वेगळं आणि गाडी करणं वेगळं, साहेब. बारशाला आत्या नाव ठेवते, म्हणून पोर तिचं होत नाही.

तो क्युरिऑसिटी म्हणता ना, त्याच्या चाकाचा पत्रा ०.७५ मिमी. २०१३ पासून त्याला भोकं पडायला लागली. जगातल्या मोठ्या इंजिनिअरांचा पत्रा फाटला, आणि आपण वायरिंगच्या पाइपवर ग्लू गन मारून "डिझाइन" म्हणतो.

रावपुऱ्याची
फाटला हेच तर पोरांना सांगायचं आहे, काका! चाकं फाटलेली असताना तो अजून चालतोय, कारण रस्ता बघून निवडतात. मंगळावरच्याच स्पिरिट रोव्हरचं पुढचं उजवं चाक २००६ मध्ये अडकलं, मग त्याला उलटा चालवत ते चाक ओढत नेलं. ओढताना माती खरवडली आणि खालून पांढरी सिलिका निघाली, त्या मोहिमेतल्या मोठ्या शोधांपैकी एक. पुढे २००९ मध्ये तो मऊ मातीत रुतला तो कायमचा. ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचं कार्टंसुद्धा गप्प होतं.

शाळेतला
मी विज्ञान शिकवतो. ताई, तुमच्याकडे सतरा मुलं आणि अख्खा शनिवार. माझ्या वर्गात बावन्न मुलं आणि तास चाळीस मिनिटांचा. आमच्या शाळेला अटल लॅब मिळाली आहे, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली खोली, वीस लाखांच्या अनुदानाची. खोलीला कुलूप. का, तर सामान फुटलं तर जबाबदारी माझी. एकदा उघडली होती. एका मुलाने खिशात लिथियमचा सेल आणि किल्ल्या एकत्र ठेवल्या, पँटला भोक पडलं, मांडी भाजता भाजता राहिली. दुसऱ्या दिवशी पालक ऑफिसात. तेव्हापासून मी प्रज्ञान फळ्यावर काढतो: २६ किलो, सहा चाकं, सेकंदाला एक सेंटिमीटर. पोरं वहीत उतरवतात.

मी विरोधात नाही. पण "बनवायलाच हवा" हे हॉलमध्ये बसून म्हणणं सोपं आहे.

रावपुऱ्याची
हे मान्य, सर. यावर माझ्याकडे उत्तर नाही. सेलचं तेवढं सांगते: आम्ही लिथियम आणलाच नाही, चार पेन्सिल सेल. त्यातही घोळ झालाच. गाडी वाळूत हलेना, पोरं म्हणाली मोटार खराब. मीटर लावला तर सहा व्होल्टपैकी मोटारीपर्यंत चारच पोचत होते, दोन तो एल२९८ ड्रायव्हरच, म्हणजे मोटार चालवणारं सर्किटच, खातो. मलाही आधी माहीत नव्हतं. आता तिकडे नवीन रडगाणं आहे: चाक शाफ्टवरून निसटतं.

मकरपुरा शेड
ती खेळण्यातल्या गाड्यांना लावतात ती पिवळी, गिअरवाली बीओ मोटार आहे का?

रावपुऱ्याची
हो.

मकरपुरा शेड
फेविक्विक लावू नका, गिअरमध्ये उतरेल आणि मोटार जाम होईल. शाफ्टच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यात वॉशर घालून छोटा स्क्रू मारा. साइज मापून घ्या, अंदाजाने नको. व्हर्नियर नसेल तर माझ्याकडे जुना पडलाय.

बाकी माझं मत तेच आहे. आधी मिक्सर.