हाताने केलं आणि कळलं : प्राथमिक शाळेतले अनुभव लिहा

आज खण आवरताना रबर लावलेला काड्यांचा गठ्ठा सापडला आणि मी तिथेच बसले. माझा दुसरीतला 'दशक'!

३२ वजा १७. दोनातून सात जात नाहीत, शेजारून दशक घ्या, बारा करा. हे पाठ होतं, पण बारा येतात कुठून ते कळायचं नाही. बाईंनी तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाल्या, "सतरा दे मला." एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या. अजून पाच हव्यात आणि माझ्याकडे सुटी एकही नाही. मी बाईंकडे बघतेय, बाई काही बोलेनात. बऱ्याच वेळाने मीच रबर ओढलं. तट्कन उडालं, काड्या बाकभर पसरल्या. ते रबर बाईंनी काढलं असतं तर मला आजही कळलं नसतं, असं खरंच वाटतं.

लेक आता दुसरीत आहे. तुमच्याही आठवणी लिहा.

*

ताई, अगदी! दुसरीला शिकवते मी. गठ्ठे मुलांनीच बांधायला हवेत. एकदा वेळ वाचावा म्हणून घरून बांधून नेले, तर सगळ्यांनी सोडून परत मोजले. दहाच आहेत यावर विश्वासच नाही. अख्खा तास त्यात गेला, आणि बरं झालं गेला.

*

काड्या काडेपेटीच्या का? आम्हाला गूल काढून आणायला सांगायचे.

*

नाही हो, आइस्क्रीमच्या. चपट्या असतात, गठ्ठा छान बसतो.

*

माँटेसोरीच्या सोनेरी मण्यांत दहाची माळ तारेत पक्की ओवलेली असते, सुटत नाही. ती देऊन दहा सुटे मणी आणायचे, नोट मोडतो तसं. मारिया माँटेसोरींची रोममधली पहिली शाळा १९०७ सालची. पद्धत उत्तमच आहे, पण सुरुवातीला माझं मत रबरवाल्या गठ्ठ्याला. दहा तेच राहतात, फक्त मोकळे होतात, हे त्यात डोळ्यांसमोर घडतं.

*

आमचं बी ओल्या कापसावर. मी रोज उचलून बघायचो, म्हणून माझं शेवटी उगवलं. मूळ आल्यावर सरांनी बाटली आडवी करायला लावली. दोन दिवसांनी बघतो तर मूळ वाकून परत खाली वळलेलं! घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटलो, मुळाला खाली कुठे ते कळतं.

*

माझं कुजलं होतं. पाणी जास्त. वर्गात एकटीचंच. रडले होते.

*

अगं, माझंही. हवा लागते बियांना, बुडवून ठेवलं की गेलंच. आम्हाला कुणी हे सांगितलंच नाही, नुसतं 'टाकून दे' म्हणाले.

*

लांबी! बाईंची वीत आणि आमची वीत. एकच टेबल, कुणाचं आठ वीत, कुणाचं अकरा, बाईंचं सहा. भांडणच लागलं. मग पट्टी हातात आली, तेव्हा ती का हवी ते कुणाला सांगावं लागलं नाही. आता मी शिकवते तर बघते, बरीच मुलं शून्य सोडून १ पासून मोजतात. त्यांना मी तुटकी पट्टी देते, ४ पासून सुरू होणारी. पेन्सिल ४ पासून ११ पर्यंत येते. आधी सगळे ११ म्हणतात. मग एखादं पोर बोटाने एकेक घर मोजायला लागतं, सात म्हणतं, आणि पूर्ण वर्ग त्याच्याभोवती. बाकी नंतर लिहिते, घंटा झाली.

*

तुटकी पट्टी उद्याच करणार. धन्यवाद बाई!

*

आमच्या शाळेत साहित्य होतं, पण काचेच्या कपाटात. कुलूप. हरवेल म्हणून. चार वर्षं त्या तराजूकडे नुसतं बघितलं. अजून राग येतो.

*

वाचून वाईट वाटलं. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-चार वस्तू हरवतात. हरवू देत.

*

लोहचुंबक कुणीच लिहिलं नाही? आमच्या गटाचं ठाम मत, चकाकतं ते चिकटतं. अॅल्युमिनियमचं झाकण काही केल्या चिकटेना, आणि गंजका खिळा लगेच. एक मुलगा वर्षभर वर्गात बोलला नव्हता. तो म्हणाला, "रंग नाही बघायचा." मी तेव्हा त्याच्या शेजारी होतो.

*

कागदाच्या घडीने अपूर्णांक केलेत का कुणी? अर्धा, पाव पटकन होतात, तीन समान भाग करताना घाम फुटतो. लेकीने सहा पट्ट्या वाया घालवल्या, सातवी जमली. पण १/३ हा १/४ पेक्षा मोठा, हे आता ती झोपेतही सांगेल.

*

धागाकर्त्या ताई, गठ्ठा सोडून मोजलात का? आहेत का दहा?

*

आत्ता लेकाने रबर ओढलं. जुनंच ते, हातातच तुटलं. त्याने दोनदा मोजल्या. नऊ. खण उपसून दहावी शोधतोय.