इब्री ६:४-६ आणि योहान १०:२८ : तारणाची खात्री वर्गात कशी शिकवावी?

तरुणसंघ_शिक्षिका
सर्वांना सलाम. तरुणांच्या वर्गासाठी तीन रविवारांचा अभ्यास बसवते आहे, दर वेळी ४५ मिनिटं. विषय देवाची कृपा आणि तारणाची, म्हणजे पापापासून मिळालेल्या सुटकेची, खात्री. मुलं थेट विचारतात : मिळालेलं तारण जाऊ शकतं का? योहान १०:२८-२९ (माझ्या मेंढरांचा कधीही नाश होणार नाही, कुणी ती माझ्या हातातून हिसकावणार नाही, असं येशू म्हणतो) वाचलं की उत्तर 'नाही' येतं, इब्री ६:४-६ (देवाच्या दानाची चव घेऊन पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य) वाचलं की 'हो' वाटायला लागतं. एका वचनाने दुसऱ्याचं तोंड बंद करायचं नाहीये. वर्गात मेथडिस्ट घरची मुलं आहेत, दोघंजण वसईचे कॅथलिक आहेत. सुरुवात कुठून करू, आणि शिकवताना हमखास काय चुकतं?

नगरचा_वाचक
सलाम ताई. पहिली चूक प्रश्नातच होते. 'देव मला शेवटपर्यंत राखेल का' हा एक प्रश्न आणि 'मी त्याचा आहे हे मला कशावरून कळावं' हा दुसरा. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत (प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचं श्रद्धापत्र) म्हणूनच दोन वेगळी प्रकरणं आहेत : १७ वं टिकून राहण्याबद्दल, १८ वं खात्रीबद्दल. १८ व्यात तर स्पष्ट म्हटलंय की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री मिळायला पुष्कळ काळ लागू शकतो आणि मिळालेली खात्री डळमळू शकते. हे दोन प्रश्न एकत्र कालवले की मनात शंका आली म्हणजे तारणच गेलं, असं पोरांना वाटतं.

पहिला रविवार पूर्ण कृपेला द्या, इफिस २:८-९ : कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं आहे, हे तुमच्या हातून झाले नाही, हे देवाचे दान आहे. इथे व्याकरण फळ्यावर लिहा. मराठीत कृपा स्त्रीलिंगी, विश्वास पुल्लिंगी, आणि पुढचं 'हे तुमच्या हातून झाले नाही' यातलं 'हे' नपुंसकलिंगी. मूळ ग्रीकमध्ये कृपा आणि विश्वास दोन्ही स्त्रीलिंगी, तरी 'हे' नपुंसकलिंगीच. म्हणजे दान म्हणून फक्त विश्वास दाखवलेला नाही; कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण होणं हे सगळंच दान. आणि क्रियापद पूर्ण झालेल्या आणि परिणाम टिकून असलेल्या कृतीचं आहे. नववं वचन सोडू नका, बढाईचा दरवाजा तिथे बंद होतो. दहावंही वाचा, नाहीतर सत्कर्मं नकोतच असा अर्थ मुलं घेऊन जातात. दहाव्या वचनात सत्कर्मं आहेत, पण तारणाचं फळ म्हणून.

मग इफिस १:१४ मधला 'विसार'. जमिनीचा व्यवहार पाहिलेल्या कुठल्याही मुलाला हा शब्द समजवावा लागत नाही. ग्रीक शब्द 'अर्राबोन' हा मुळात सेमिटिक, बाजारातला. उत्पत्ती ३८ मध्ये यहूदा तामारेजवळ मुद्रा, दोरी आणि काठी ठेवतो ती याच शब्दाची हमी. विसार कोण देतो हे मुलांना विचारा. इथे देणारा देव आहे, आपण घेणारे. विसार देणाराच फिरला तर बुडते त्याचीच रक्कम. शिवाय ती रक्कम पूर्ण मोबदल्याचाच पहिला हिस्सा असते : आज मिळालेला पवित्र आत्मा हा पुढच्या वतनाचा पहिला हप्ता. ४:३० मध्ये पौल आत्म्याला दुःखी करू नका म्हणतो, पण त्या आत्म्याचा आपल्यावरचा शिक्का पुसला जाईल असं म्हणत नाही.

ग्रीक_शिकणारा
इब्री ६ बद्दल. 'ते खरे विश्वासणारे नव्हतेच, त्यांनी फक्त चव घेतली होती' हे उत्तर वर्गात देऊ नका, टिकत नाही. तेच क्रियापद २:९ मध्ये येशूने मरणाची चव घेतली तिथे आहे, आणि तो मरण जिभेला लावून परत आला असं कुणी म्हणत नाही. तसंच काही जुन्या भाषांतरांतला 'जर' मूळात नाही. 'पतन पावलेले' हा त्याच रांगेतला पाचवा कृदंत आहे. इशारा खरा आहे.

पण वाचन सहाव्या वचनावर थांबवणं ही त्याहून मोठी चूक. ७-८ मध्ये शेत आहे : पाऊस तोच, एका जमिनीत पीक, दुसरीत काटेकुसळं. नवव्या वचनात लेखक त्यांना 'प्रियजनहो' म्हणतो, आणि संपूर्ण पत्रात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आहे. सर्वांत कडक इशाऱ्यानंतर लगेच हीच हाक. तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे, असं तो सांगतो. १९ व्या वचनात आशेला जहाजाच्या नांगराची उपमा येते, आणि तो नांगर पडद्याच्या आत, म्हणजे ख्रिस्त जिथे गेला तिथे रुतलेला आहे. ४ ते २० सलग वाचायला तीन मिनिटंही लागत नाहीत.

आणि 'पतन' म्हणजे एखादं पाप नव्हे. मागच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायांत रानात बंड केलेली पिढी आहे, गणना १४ ची. ख्रिस्ताला ओळखून त्याचा जाहीर त्याग करणं, याबद्दल हे चाललंय.

वेस्ली_वाचणारी
वरचं पटलं, पण मेथडिस्ट मुलांसमोर एक बाजूच मांडली जाऊ नये. योहान १०:२८ मध्ये मेंढरं कुणी 'हिसकावून' घेणार नाही असं आहे. मेंढरू स्वतः निघून गेलं तर काय, हा मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांचा प्रश्न होता. २७ व्या वचनातलं 'ऐकतात' आणि 'मागे येतात' हे चालू वर्तमान आहे. तारण जात नाही म्हणणाऱ्यांचं उत्तरही प्रामाणिकपणे सांगा : 'कधीही नाश होणार नाही' यात ग्रीकचा सर्वांत जोरदार, दुहेरी नकार आहे आणि तो फक्त हिसकावणाऱ्यापुरता नाही.

मतभेद किती जुना आहे हेही दाखवा. १६१० मध्ये हॉलंडमधल्या आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली, त्यातल्या पाचव्यात पतनाचा प्रश्न शास्त्रातून आणखी तपासायला हवा म्हणून उघडाच ठेवला होता. डॉर्टच्या धर्मसभेने १६१८-१९ मध्ये त्यावर निर्णय दिला : खऱ्या विश्वासणाऱ्यांना देव शेवटपर्यंत राखतो. त्या निर्णयाच्या पाचव्या भागाचं १४ वं कलम मला फार मोलाचं वाटतं : देव आपल्या लोकांना राखतो ते वचन ऐकणं, वाचणं, मनन, बोध, इशारे, अभिवचनं आणि संस्कार यांच्याद्वारे. म्हणजे राखण्याच्या साधनांत इशारेही मोजलेत. खात्रीबद्दल वेस्लींचा भर रोम ८:१६ वर : आत्मा आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो, आज, आत्ता. ती आजच्या क्षमेची खात्री, शेवटच्या दिवसाची आगाऊ पावती नव्हे.

वसईकर
कॅथलिक मुलांसाठी दोन गोष्टी. आमच्याकडे तारण कर्मांनी कमावतात, हा समज काढून टाका. कृपेची सुरुवातही देवाकडूनच, हे ५२९ च्या ऑरेंज धर्मसभेतच ठरलेलं आहे. मात्र मी शेवटपर्यंत टिकेनच अशी पूर्ण, अचूक खात्री खास प्रकटीकरणावाचून कुणी सांगू नये, असं ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने जानेवारी १५४७ मध्ये म्हटलं, आणि त्याच निवेदनात देवाच्या साहाय्यावर अढळ आशा ठेवायलाही सांगितलं. प्राणघातक, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या गंभीर, पापाने कृपा गमावता येते, प्रायश्चित्त संस्काराने, ज्याला गोव्यात कुमसार म्हणतात, ती परत मिळते.

१४३१ मध्ये जोन ऑफ आर्कला खटल्यात विचारलं, तू देवाच्या कृपेत आहेस का? हो म्हटलं तर गर्व, नाही म्हटलं तर कबुली. ती म्हणाली, नसेन तर देव मला तिथे आणो, असेन तर तिथेच ठेवो. हे उत्तर कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथात परिच्छेद २००५ मध्ये घेतलं आहे. १९९९ मध्ये लुथरन आणि कॅथलिकांनी नीतिमान ठरण्याबद्दल संयुक्त घोषणा केली, २००६ मध्ये मेथडिस्टही तीत सामील झाले. तुमच्या वर्गाला ही माहिती उपयोगी पडेल.

तरुणसंघ_शिक्षिका
खूप आभार. एकच राहिलं. 'माझं पतन झालंच आहे' असं घाबरून कुणी वर्गानंतर येऊन सांगितलं तर?

नगरचा_वाचक
आधी ऐकून घ्या, मग विचारा : ख्रिस्त नकोसा झाला आहे, की पाप करून लाज वाटते आहे? लाज वाटत असेल तर लूक २२:३१-३४ आणि ५४-६२ एकत्र उघडा. पेत्राने तीनदा नाकारलं, मत्तयात तर शपथ घेऊन. तरी 'तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे' हे येशूने आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानंतर १ योहान १:९ (पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो), मोठ्याने, त्या मुलाच्याच तोंडून. 'निर्णय कुठल्या तारखेला घेतलास' हे विचारू नका. त्यामुळे तो ख्रिस्ताकडे न पाहता स्वतःच्या आठवणीकडे पाहायला लागतो, आणि पुन्हा पुन्हा 'पहिल्यांदा' प्रार्थना करत बसतो.

एखादं पाप चालूच असेल तर धीर देऊन मोकळं होऊ नका. त्याला १ योहान ३ मधला, पाप करत राहण्याविरुद्धचा इशारा वाचू द्या, आणि ते सोडायला पाळक किंवा विश्वासातलं मोठं माणूस सोबत द्या. झोप उडाली असेल, तेच विचार दिवसभर फिरत असतील, तर डॉक्टरांकडेही न्या. पुढच्या रविवारी तो आला की नाही, तेवढं नक्की बघा.