मदत हवी आहे: जूनमधल्या गार पावसात जंगली टर्कीची पिल्ले नेमकी कशामुळे दगावतात?

नमस्कार मंडळी,

मी पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या बर्कशर भागात राहतो. घरामागे गवताळ कुरण आणि त्याला लागून ओक-मेपलचे रान असल्यामुळे जंगली टर्कीच्या माद्या पिल्ले घेऊन येथे चरायला येतात. (एकोणिसाव्या शतकात या राज्यातून नाहीसा झालेला हा पक्षी 1972-73 मध्ये न्यूयॉर्कमधून 37 पक्षी आणून याच भागात पुन्हा सोडला गेला.) यंदा जूनच्या सुरुवातीला पारा 10 अंश सेल्सिअसच्या आसपास अडकून राहिला आणि पावसाची झड लागली. ती उघडल्यावर मादी पुन्हा दिसली, पण तिच्यामागची निम्म्याहून अधिक पिल्ले दिसली नाहीत.

मला माहीत आहे ते आधी मांडतो. मादी साधारण 28 दिवस अंडी उबवते. अंड्यातून निघालेली पिल्ले दिवसभरातच तिच्यामागे चालू लागतात, पण त्यांच्या अंगावर नुसती लव असते. मोठ्या पक्ष्याच्या पिसांवरून पाणी ओघळून जाते. ही लव मात्र भिजली की अंगाला चिकटते आणि ऊब धरून ठेवत नाही. सुमारे दोन आठवड्यांची होईपर्यंत त्यांना उडून झाडावर बसता येत नाही, त्यामुळे रात्रही जमिनीवर, आईच्या पंखांखालीच काढावी लागते. रिमझिम सुरू होताच मादी खुडूक कोंबडीसारखी अंग फुगवून बसली आणि पिल्ले आत शिरली, हे मी खिडकीतून पाहिले आहे. एका पिल्लाला जागा मिळाली नाही, ते तिच्या शेपटीकडून डोके खुपसत राहिले आणि त्याची पाठ भिजतच राहिली.

पण केवळ थंडीचे कारण मला पुरेसे वाटत नाही. या वयात पिलांचे खाणे मुख्यतः नाकतोडे, भुंगेरे, अळ्या असे किडे असतात. गारठ्यात किड्यांची हालचाल मंदावते, आणि मादी जितका वेळ पिलांना पंखाखाली घेऊन बसते तितका वेळ त्यांचे चरणेही थांबते; म्हणजे जी थंडीने गेली असे आपण समजतो, त्यातली काही उपासमारीनेही गेली असतील. शिवाय ओल्या मादीचा वास अधिक दरवळतो आणि रॅकून, कोल्हे यांना माग काढणे सोपे जाते, असा तर्क न्यूयॉर्क राज्यातल्या अभ्यासकांनी घरट्यांच्या बाबतीत मांडला आहे. तो पिलांनाही लागू होतो का? आणि टेक्ससच्या कोरड्या भागात वसंतातला चांगला पाऊस टर्कीच्या विणीला पोषक ठरतो, तर आमच्याकडे हिशेब उलटा का?

कुरण जूनमध्ये कापावे का, दाणे टाकावेत का आणि राज्याच्या वन्यजीव विभागाला नोंद कळवताना काय टिपावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आपण पाऊस आणि गारठा एकत्र धरले आहेत, ते आधी वेगळे करावेत. उबदार दिवशी तासाभराची सर आली तर पिल्ले पुन्हा कोरडी होतात. गारठ्यातली दिवसभराची रिपरिप त्यांना कोरडे होऊच देत नाही. त्या वेळी पिल्ले आठवड्याची होती की तीन आठवड्यांची, यावरही बरेच अवलंबून असते. टेक्ससमध्ये मुळात उणीव असते ती हिरवाईची. पिल्ले निघण्याआधी पाऊस झाला की गवत वाढते, त्याबरोबर किडे आणि लपायला जागा मिळते. आपल्याकडे जूनमध्ये हिरवाई असतेच, कमी पडते ती ऊब.

वासाचा तर्क मला घरट्यापुरताच अधिक पटतो, कारण घरटे चार आठवडे एकाच जागी असते आणि पिल्ले घेतलेली मादी रोज फिरती असते. उपासमारीबद्दल आपण म्हणता ते योग्य वाटते. मात्र चांगल्या वर्षीही निम्म्याहून अधिक पिल्ले पहिल्या काही आठवड्यांतच जातात, त्यामुळे सगळा दोष त्या झडीला देता येणार नाही. दिसलेली मादी तीच होती का, हाही प्रश्न उरतो, कारण दोन-तीन माद्या आपापली पिल्ले घेऊन एकत्र फिरतात.

दाणे टाकू नका. त्या वासाने रॅकून आणि स्कंक येतात, आणि पिलांना तेव्हा दाण्यापेक्षा किडेच हवे असतात. कुरण जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तसेच राहू द्या, कारण जूनच्या कापणीत अंड्यांवर बसलेली मादीसुद्धा सापडते. नोंद जून ते ऑगस्टपर्यंत करता येते. तीत पिल्ले नसलेल्या माद्याही मोजाव्यात, नाही तर दर मादीमागे पिलांचे प्रमाण फुगते. पिलांचा आकारही लिहावा. ऑगस्टमध्ये अगदी लहान पिल्ले दिसली, तर पहिले घरटे मोडल्यावर मादीने पुन्हा अंडी घातली असण्याची शक्यता अधिक.