सिव्ह ६ (सिव्हिलायझेशन ६ हा स्ट्रॅटेजी व्हिडिओ गेम): एका शहराला एकच काम, की दाटीवाटीने शहरं आणि सगळीकडे सगळं?

हेक्सवेडा:
लोक शहर बसवताना फक्त नदी आणि हिरवळ बघतात आणि मग पन्नास-साठ टर्न गेल्यावर कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचा खास विभाग) कुठे टाकू म्हणून डोकं खाजवत बसतात. माझं म्हणणं, आधी कॅम्पसची टाइल (नकाशावरचं षटकोनी घर) ठरवा, मग सेटलर (नवीन शहर वसवणारं युनिट) हलवा. सध्याच्या गेममधलं सांगतो, राजधानीच्या पूर्वेला एका टाइलला तीन डोंगर आणि एक जिओथर्मल फिशर (जमिनीतली गरम वाफेची भेग) लागून आहे. डोंगराचा +१ प्रत्येकी, फिशरचा +२, म्हणजे बांधून झाल्या झाल्या दर टर्नला +५ विज्ञान. नदी लांब असल्याने हाउसिंग (किती लोक मावतात ती मर्यादा) फक्त २, लोकसंख्या १ असतानाच वाढ निम्मी, तरी मी तिथेच बसवलं. पाणी ॲक्वेडक्टने येतं, डोंगरावरून पण आणता येतं आणि हाउसिंग ६ वर जातं. डोंगर कुठून आणणार? आता ते शहर विज्ञान सोडून दुसरं काही करणार नाही.

सेटलरसम्राट:
+५ बघून सगळेच हुरळतात राव. लायब्ररीचे २ आणि युनिव्हर्सिटीचे ४, हे शेजारी डोंगर असो नाहीतर वाळवंट, मिळतातच. तुझं ते शहर दोन्ही बांधून ११ देणार. मी तेवढ्याच जागेत तीन शहरं कोंबतो, मध्ये तीन टाइल सोडल्या की नियम संपला, कॅम्पस भले +१ चे असू देत, ७ त्रिक २१. झालं की.

हेक्सवेडा:
तीन शहरांची तुलना एकाशी करतोयस आणि वर झालं की म्हणतोयस 😄 तीन सेटलरचा खर्च कोण धरणार, प्रत्येक पुढचा सेटलर महाग होतो. आणि नॅचरल फिलॉसॉफी हे धोरणाचं कार्ड विसरलास, ते कॅम्पसची ॲडजेसन्सी (शेजारच्या टाइलमुळे मिळणारा बोनस) डबल करतं. माझे ५ चे १० झाले, तुझ्या तिघांचे मिळून ६. तू लायब्रऱ्या उभारेपर्यंत मी पुढच्या युगात.

जुनाखेळिया:
तुमच्या दोघांच्या मध्ये बोलतो. शहराला एकच काम ही सवय सिव्ह ४ मधून आलेली आहे आणि तिथे ती बरोबरच होती, कारण तिथे बोनस टक्क्यांत मिळायचे. ब्युरॉक्रसी ही राज्यपद्धती घेतली की राजधानीत कॉमर्स ५० टक्के जादा, वरून ऑक्सफर्डचं विज्ञान १०० टक्के, आणि हिरोइक एपिक (सैन्य लवकर काढणारं) दुसऱ्या शहरात ठेवायचं कारण एका शहरात नॅशनल वंडर (अशा खास वास्तू) दोनच. कॉटेजचं (कॉमर्स देणाऱ्या वस्तीचं) टाउन व्हायला ७० टर्न लागायचे, मग ते सगळे एकाच शहराभोवती लावणं भाग होतं. टक्केवारी असली की एका जागी ढीग करायचा, सुटे आकडे असले की पसरायचं. सिव्ह ६ मध्ये बहुतेक आकडे सुटे आहेत, त्यामुळे सेटलरसम्राटांचं पारडं जड.

हेक्सवेडा:
दादा, रॅशनॅलिझम कार्ड बघा की. कॅम्पसच्या इमारतींना लोकसंख्या १५ असेल तर ५० टक्के आणि ॲडजेसन्सी +४ असेल तर अजून ५०. ही टक्केवारीच झाली. कोंबलेल्या शहरांत १५ माणसं कधी व्हायची, एकमेकांच्या टाइल पळवण्यातच जन्म जाणार त्यांचा.

सेटलरसम्राट:
रॅशनॅलिझम एन्लाइटनमेंट या सिव्हिकला (संस्कृतीच्या बाजूचा शोध) येतं, तोवर माझी बारा शहरं उभी असतात. आणि दाटीचा खरा फायदा इंडस्ट्रियल झोनमध्ये (उत्पादनाचा डिस्ट्रिक्ट) आहे, तो कोणी बोलतच नाही. दोन शहरांचे ॲक्वेडक्ट आणि नदीवरचं धरण असे बसवायचे की तिघांच्या मधोमध एक टाइल रिकामी राहील, तिथे झोन टाकला की प्रत्येकाचे +२ मिळून +६, वर खाणी असतील तर वेगळं. लांब लांब शहरं बसवून हे जमवून दाखव. अजून एक, डिस्ट्रिक्टची किंमत टेक आणि सिव्हिक वाढत जातील तशी चढते पण एकदा जागेवर ठेवला की गोठते. मी नवीन शहरात पहिल्याच टर्नला डिस्ट्रिक्ट ठेवून देतो, बांधतो सवडीने.

सीमेवरचा:
मी फक्त एवढंच विचारतो, ते पूर्वेचं +५ वालं शहर शेजाऱ्याच्या किती जवळ आहे? ९ टाइलच्या आत त्याची मोठी शहरं असतील तर लॉयल्टी (शहराची निष्ठा, ती संपली की शहर फुटतं) गळत जाणार आणि तुझा कॅम्पस त्याला फुकट.

हेक्सवेडा:
लॉयल्टी टिकवायला गव्हर्नर पाठवलाय तिथे. पण सम्राट, किंमत गोठवायची ट्रिक आपण दोघंही वापरतो, फरक नंतर पडतो. लोकसंख्या १ ला एक डिस्ट्रिक्ट, ४ ला दुसरा, ७ ला तिसरा. तुझी बारा शहरं तीन-चारवर अडकलेली, म्हणजे तिथे पण एक-दोनच डिस्ट्रिक्ट. सगळीकडे सगळं म्हणतोस, पण एका शहराला एकच काम तूही देतोयस, फक्त डोंगर न बघता.

सेटलरसम्राट:
नाही, सगळ्यांना तेच काम देतोय. बारा कॅम्पस. मग नदीकाठच्यांना कमर्शियल हब (व्यापाराचा डिस्ट्रिक्ट), तिथे नदीचे +२ आयतेच. तुझा गव्हर्नर एका शहरात अडकून पडलाय, माझा गव्हर्नर मॅग्नस राजधानीत बसून लोकसंख्या न घटवता सेटलर काढतोय.